पंचाच्या हातातला देव

गिरजाबाईला नवऱ्याचा राग कधी आला नाही. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा वाटावा लागतो. देवरावबद्दल तिला वाटायची ती किळस, आणि तीही रोजची, अंगवळणी पडलेली. मासळीच्या टोपलीचा वास विकणारीला येईनासा होतो, तशी ती किळस तिच्या अंगाला लागून राहिली होती आणि त्या किळसेसकट ती भाकऱ्या थापायची.

पोंभुर्ण्याच्या अलीकडे, जंगलाला लागून असलेल्या मामा तलावाच्या काठी त्यांचं गाव. तलाव मालगुजारांच्या काळातला, त्यात जाळं टाकणारी घरं ढिवरांची, आणि देवराव त्यांचा पंच. मासे मारण्यात त्याला काडीची गती नव्हती. तो डोंग्यात चढला की बाकीचे उतरायला बघायचे. पण तोंडात जोर होता आणि दुसऱ्याची उणी ध्यानात ठेवायची हौस दांडगी. कोणाच्या आज्याला फीट यायची, कोणाची आत्या वेडाच्या भरात घर सोडून गेली, कोणाच्या घरी बहिरं लेकरू जन्मलं, हे त्याला तीन-तीन पिढ्यांचं पाठ होतं. स्वतःच्या लेकीची जन्मतारीख मात्र कधी धड सांगता आली नाही.

सोयरीक ठरायच्या आधी लोक त्याच्याकडे कुळी विचारायला यायचे. येताना मोहाची बाटली आणि कोंबडा आणायचे. देवराव डोळे मिटून बसायचा, हुंकार द्यायचा, आणि मग निकाल सांगायचा. कोंबडा हडकुळा असला की समोरच्या कुळात खोट निघायची. गिरजाबाई तोच कोंबडा सोलत चुलीपाशी बसलेली असायची आणि पिसं उपटता उपटता निकाल काय लागणार हे तिला आधीच कळलेलं असायचं. ती पोंभुर्ण्याच्या बाजारात मासळी विकायची. तिथं कोणी कल्ले उचलून पाहिल्याशिवाय मरळ घेत नाही. आणि इथं आख्ख्या घराण्याचा भाव हा माणूस डोळे मिटून ठरवतो, आणि शहाणीसुरती माणसं माना डोलावतात! त्या माना बघून तिला नवऱ्यापेक्षा लोकांचीच जास्त कीव यायची.

पन्नाशी उलटली आणि देवरावचा उजवा हात थरथरायला लागला. मांडीवर ठेवला की हात गप्प. पुढं केला, काही धरायला गेला, की पानासारखा हलायचा. हे चारचौघांत पहिल्यांदा घडलं ते मीराबाईच्या लेकीच्या, साधनाच्या सोयरिकीच्या वेळी. शेजारच्या मीराबाईचा धाकटा पोरगा मुका. साधनाला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी कुळी विचारली, तेव्हा देवरावनं भर बैठकीत मीराबाईच्या घराकडे बोट दाखवलं.

"त्या घरात मुकं हाय. ते रक्तातलं हाय. पोरीच्या पोटी बी तेच येईन."

बोट दाखवताना हात असा हलला की पुढं बसलेला म्हातारा इतवारी घाबरून उठला आणि त्यानं हात जोडले. "पंचाच्या हातात देव आला जी!"

देवरावनं एकदा हाताकडे पाहिलं, एकदा लोकांकडे पाहिलं, आणि हात खाली घ्यायचा सोडून तसाच धरून ठेवला. गिरजाबाईनं दारातून ते पाहिलं. इतकी वर्षं ती त्याला नुसता मूर्ख आणि खादाड समजत होती. त्या दिवशी तिला कळलं की तो लबाडही आहे. साधनाचं लग्न मोडलं. पुढं ती अहेरीकडच्या एका बिजवराला दिली, ज्याची पोरं तिच्याच वयाची होती. मीराबाई त्यानंतर देवरावच्या दारावरून जाताना पदर डोळ्यांवर ओढून जायची.

तेव्हापासून निकालाच्या वेळी हात पुढं व्हायचा, हात हलायचा, आणि लोक माना खाली घालायचे. घरी हाच देव चहाच्या कपात यायचा. सदऱ्याच्या बटणात यायचा, बिडी पेटवताना काडीत यायचा. चालताना पाय फाकून पडायचे आणि सपाट अंगणातही तोल जायचा, तर म्हणे अंगणच उंचसखल झालंय. गिरजाबाई रोज सकाळी त्याची बटणं लावून द्यायची आणि चहा गिलासात अर्धाच ओतायची.

"तुमच्या देवाले बटन लावता येत नाई का जी?" ती विचारायची.

"तुले नाई समजाचं," देवराव म्हणायचा.

त्यांना एकच लेक, माधवी. ती माजरीला दिलेली. जावई सुरेंद्र तिथल्या कोळसा खाणीत कामाला. सरळ माणूस, कमी बोलणारा, आणि सासऱ्याला कधी काही न विचारणारा. गिरजाबाईला त्याची हीच गोष्ट सगळ्यांत आवडायची. त्यांचा पोरगा मिथुन पाच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. हाक मारली तर वळून पाहायचा नाही. पातेल्यावरचं झाकण घेऊन ते जमिनीवर गरगर फिरवायचा आणि फिरतं झाकण पाहून दोन्ही हात पंखांसारखे फडफडवायचा. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून कोपऱ्यात जायचा. माधवी माहेरी आली की देवराव ओसरीवर माणसं जमायच्या आत फर्मान सोडायचा, "त्या पोट्ट्याले मांगं ने. पंचाच्या ओसरीवर असं लेकरू बरं दिसत नाई." मग मिथुन आणि त्याचं झाकण परसात जायचं. माधवी त्याच्यासोबत परसात बसून राहायची आणि पुढं ओसरीवर बाप दुसऱ्यांच्या घरातली मुकी-बहिरी मोजायचा.

सुरेंद्रनं पोराला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला खेळवलं, तपासलं, माधवीला पुष्कळ विचारलं, आणि सांगितलं की याला ऑटिझम म्हणतात. पुष्कळदा त्याचं नेमकं कारण सापडत नाही, पण काही थोड्या मुलांत ते आईबापाकडून आलेल्या गुणसूत्रात सापडतं. मिथुनच्या वागण्यावरून आणि लांबट चेहऱ्यावरून त्यांना शंका आली होती. मायलेकांचं रक्त मोठ्या शहरात पाठवलं गेलं. ही दोन हजार पाच सालची गोष्ट. नागपुरातही तेव्हा ती तपासणी होत नव्हती. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. मिथुनच्या एका गुणसूत्रात मोठा बिघाड होता. तोच बिघाड माधवीत लहान होता, तिला त्याचा त्रास नव्हता. पोरात उतरताना तो वाढला होता.

माधवीनं माहेरी येऊन हे सगळं आईला सांगितलं. ओसरीवरून देवरावनं ऐकलं, आणि त्यातलं त्याला हवं तेवढंच ऐकलं.

"म्हंजे मायकडून आलं. आन मायले कोणाकडून आलं?" त्यानं आत डोकावून विचारलं.

"डॉक्टरीण म्हणे, तुमच्या दोघांतून एकाकडून," माधवी म्हणाली.

"मंग झालं तं! माह्या कुळीत असलं काई नाई. सारा समाज जाणते. हे गिरजाच्या मायेरचं हाय."

गिरजाबाई चुलीतली राख ओढत होती. तिनं वर पाहिलं नाही. तिच्या मनात आलं, पंचाचा नातू मुका, अशी कुजबुज गावात सुरू झाली आहे आणि या माणसाला आता कोणाच्या तरी दारात ही कुजबुज टाकून यायची आहे. बायकोचं माहेर त्याला सगळ्यांत जवळ पडलं.

त्या माहेरी तिचा भाऊ लटारू होता. गरीब, भिडस्त, बहिणीच्या नवऱ्यापुढं मांडी घालूनही न बसणारा. त्याच्या पोरीचं, जयाचं, जमलं होतं. नदीपलीकडच्या वामनरावाचा मुलगा, हायस्कूल शिकलेला, आणि पोरगी त्याला स्वतःहून पसंत. साक्षगंधाचा दिवस दोन-तीन महिन्यांनंतरचा धरलेला. जया लहानपणी आत्याकडे राहून बाजारात टोपलीपाशी बसायची. गिरजाबाईचा तिच्यावर लेकीइतकाच जीव. वामनराव तेवढा कुळी विचारायला देवरावकडे आला. रिवाज म्हणून. कोंबडा चांगला थोराड होता, त्यामुळे गिरजाबाई पिसं उपटताना निश्चिंत होती.

पण या खेपेला कोंबड्याचं चाललं नाही. देवरावनं हात पुढं केला, हात हलू लागला, आणि तो म्हणाला, "लटारूच्या कुळीत खोट हाय. माह्या नातवात तिथूनच उतरली. माही बायको तिथली. मी घरचं मानूस असून सांगून राह्यलो, समजून घ्या."

वामनराव पुढच्या बैठकीत समाजासमोर काय ते ठरवू, असं म्हणून उठला. जेवून मात्र गेला. गिरजाबाईनं आपल्या माहेराला बट्टा लावणाऱ्या निकालाचा कोंबडा स्वतःच्या हातानं रांधला आणि स्वतःच्या हातानं वाढला. देवरावनं रस्सा दोनदा मागून घेतला. हे ती कधीच विसरली नाही.

लटारू दुसऱ्या दिवशी आला आणि अंगणात उभाच राहिला. "बाई, आपल्याकडं कोणी असं होतं का वो? मले तं आठवत नाई. जया जेवत नाई कालपासून."

गिरजाबाई आत गेली आणि देवरावसमोर उभी राहिली. "मले नागपूरले जाऊ द्या. मायं रक्त तपासू द्या."

देवरावला हे फारच आवडलं. आता डॉक्टरीणही आपल्याच बाजूनं बोलणार, याची त्याला इतकी खात्री होती की त्यानं ओसरीवर चार माणसांना ऐकवून सांगितलं, "जा, जा. रक्त दे. निकाल आला का बैठक भरवतो. समाजाले बी कळू दे. आमी काई लपवत नाई."

नागपूरला माधवीनं तिला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा नाही आले? दोघांचं रक्त मिळालं असतं तर बरं झालं असतं."

"ते पंच हायेत जी," गिरजाबाई म्हणाली. "ते दुसऱ्याचं रक्त पाह्यतात. त्यायचं कोणी पाह्यत नाई."

डॉक्टरीणबाईंना ते समजलं नाही, पण त्यांनी सुई टोचली. गिरजाबाईनं रक्त नळीत चढताना पाहिलं. लाल, सगळ्यांच्या असतं तसं. ती परत गावी आली आणि रोजच्यासारखी बाजारात बसू लागली. देवराव त्या दिवसांत गावभर सांगत फिरला की निकाल यायचाच बाकी आहे, बाकी सगळं ठरल्यात जमा आहे. गिरजाबाईला मात्र आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटत होती. खरंच आपल्यातून निघालं तर? जयाचं लग्न तर जाईलच, पण त्याहून वाईट म्हणजे हा माणूस खरा ठरेल. तो एकदाही खरा ठरू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

निकालाच्या दिवशी मायलेकी पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या.

"आजी, तुमच्यात हा बिघाड नाही. तुम्ही अगदी साफ आहात."

"मंग माधवीत कुठून आला?"

"तिला तुम्हा दोघांकडून एकेक गुणसूत्र मिळालं. तुमचं चांगलं आहे. म्हणजे वडिलांकडून आलं, दुसरीकडून येणार नाही. अशा पुरुषाला स्वतःला बहुतेक वेळा कळतही नाही. मुलगे झाले तर त्यांच्यात ते उतरत नाही, प्रत्येक मुलीत मात्र जातं." डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला. "एक विचारते. उतारवयात यातल्या काही पुरुषांचे हात थरथरतात. अलीकडेच हे कळायला लागलंय. हात मांडीवर असला की ठीक, काही घ्यायला गेलं की हलतो. चालताना तोलही जातो. तसं काही आहे का त्यांना?"

गिरजाबाई हसायला लागली. इतकी हसली की बाहेरची नर्स दार उघडून पाहून गेली. माधवीनं तिचा हात दाबला. "माय, काऊन हासून राह्यली?"

"देव," गिरजाबाई डोळे पुसत म्हणाली. "तो देव हाय जी डाक्टरीणबाई. आमचा आख्खा समाज पाया पडते त्याच्या."

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की यात हसण्यासारखं काही नाही आणि लाजण्यासारखंही नाही. यात कोणाचा दोष नसतो. असं काही ना काही प्रत्येकाच्या रक्तात असतं, ते कोणी निवडून घेत नाही. आजोबांना घेऊन या, हात थोडा तरी आवरता आला तर पाहू. गिरजाबाईनं मान डोलावली. एसटीत बसल्यावर ती हसत नव्हती. कोणाचा दोष नसतो, हे वाक्य तिच्या मनात बसलं होतं आणि ते कुठं लागू होतं, कुठं होत नाही, हे तिला नीट ठरवायचं होतं.

बैठक देवरावच्याच ओसरीवर भरली. वामनराव नदीपलीकडून आला होता. लटारू खांबाला टेकून उभा होता. बायका अंगणाच्या कडेला. त्यांत मीराबाई, पदर डोळ्यांवर. इतवारी सगळ्यांत पुढं, हात जोडायच्या तयारीत. गिरजाबाई माधवी आणि मिथुनला घेऊन आदल्या सांजेला परतली होती, आणि निकाल काय, हे देवरावनं तिला विचारलंसुद्धा नव्हतं. त्याला विचारायची गरजच वाटली नव्हती.

"समाजाले सांगतो," देवरावनं सुरुवात केली. हात पुढं आला, हलू लागला. इतवारीनं डोळे मिटले.

तेवढ्यात गिरजाबाई चहा घेऊन बाहेर आली. बैठकीत बाईमाणसाला बोलायची मुभा नव्हती, चहा द्यायची होती. तिनं सगळ्यांना चहा दिला आणि शेवटी देवरावपुढं कपबशी धरली. काठोकाठ भरलेली. देवरावनं तिच्याकडे पाहिलं. पुढं केलेला हात मागं घेता येईना, चारचौघांत कप नाकारता येईना. त्यानं कपबशी घेतली. ती वाजायला लागली. चहा बशीत सांडला, बशीतून धोतरावर, आणि कप उंबऱ्यावर आपटून फुटला.

"हाच देव घरी बी येते," गिरजाबाई म्हणाली. "रोज येते. बटन लावतानी येते, बिडी पेटवतानी येते. तुमी लोकायनं कवा पाह्यला नाई, कारन बटनं मी लावतो."

"गिरजे, आत जा," देवराव म्हणाला.

"जातो. येवढं सांगून जातो. माह्या रक्तात ते नाई. तपासलं. माधवीच्या रक्तात हाय. ते एक तं मायकडून येते नाईतं बापाकडून. माह्याकडून नाई आलं. आता कोणाकडून आलं ते पंचायनं सांगावं." ती वामनरावाकडे वळली. "डाक्टरीणीनं हात पाह्यला बी नाई. घरी बसल्या मानसाचा हात कसा हालते ते मले तिनंच सांगितलं. मांडीवर गप्प, पुढं केला का हालते. मिथुनच्या अंगात जे हाय, त्यातलंच थोडं हे हाय."

"बाईच्या जातीचं काय ऐकता?" देवराव ओरडला. "रक्ताचं काय हिले समजते?"

"मंग तुमी द्या रक्त. चला उद्या माह्यासंगं. तुमीच म्हनत होते ना, आमी काई लपवत नाई."

देवरावनं उजवा हात मांडीखाली घातला. भर बैठकीत, सगळ्यांसमोर. इतवारीनं डोळे उघडले होते आणि त्याला आपल्या जोडलेल्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

"डाक्टरीण म्हने, यात कोनाचा दोष नाई," गिरजाबाई म्हणाली. "पटलं मले. तुमच्या रक्ताले मी दोष देत नाई. पन त्या हातानं तुमी काय काय केलं, ते रक्तातलं नाई. ते तुमचं सोताचं हाय."

मग अंगणाच्या कडेला मीराबाईनं डोळ्यांवरचा पदर मागं सारला.

"मंग माह्या साधनाच्या वक्ती कोनता देव आला होता जी?"

तिनं आवाज चढवला नव्हता. ती उत्तरासाठी उभी राहिली. त्या दिवशी माना डोलावणारे सगळेच तिथं बसलेले होते आणि सगळेच चहाच्या कपात पाहत होते. वामनराव उठला, लटारूजवळ जाऊन साक्षगंध ठरल्या दिवशीच होईल म्हणाला. इतकी वर्षं पंचाशिवाय पान न हलवणारा माणूस निघताना पंचाला राम राम करायलाही थांबला नाही. त्याच्याबद्दलही गिरजाबाईला फारसा आदर वाटला नाही. पण जयाचं काम झालं होतं.

माणसं पांगली. देवराव ओसरीवर एकटाच उरला. मांडीखालचा हात त्यानं बाहेर काढला आणि तंबाखूच्या डबीकडे नेला, तसा तो पुन्हा हलायला लागला. परसातून मिथुन झाकण घेऊन पुढं आला. आज त्याला मागं न्यायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. तो आजोबाच्या पुढ्यात येऊन थबकला. झाकण त्यानं खाली टाकलं. त्या हलणाऱ्या हाताकडे तो टक लावून पाहू लागला, अगदी जवळून, आणि मग खुशीत येऊन स्वतःचे दोन्ही हात फडफडवायला लागला.

"गिरजे," देवराव म्हणाला, "याले मांगं ने."

गिरजाबाई फुटलेल्या कपाचे तुकडे वेचत होती.

"बसू द्या," ती म्हणाली. "तुमच्या हाताले मानणारा आता हा येकलाच राह्यला."

तिनं तुकडे पदरात घेतले आणि आत गेली.